कराच्या पैशाची चूल

सरलाबाई आयुष्यात एकदाच एका परदेशी माणसाशी बोलल्या, आणि त्या जे बोलल्या ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. मधे त्यांची भाची वृषाली होती.

वृषाली पारोळ्याकडची. आई लहानपणीच गेली, वडिलांनी दुसरं घर केलं. दहावी झाल्यावर तिची फुई, म्हणजे वडिलांची बहीण सरलाबाई, तिला सुरतेला घेऊन आली. फुई आणि तिचा नवरा धुडकूफुवा पर्वत पाटिया चौकाच्या मागे एका चाळीत राहायचे. एकच खोली, वर पत्रा, आणि मागच्या भिंतीला चिकटून लूम्सचा दुमजली कारखाना. फुवा तिथेच कारीगर होते. मागांचा खडखडाट सतत चालू असे, त्यामुळे त्या चाळीतली माणसं शांत ठिकाणी गेली तरी मोठ्यानेच बोलत. फुईला मूलबाळ नव्हतं. साड्यांना टिकल्या चिकटवण्याचं काम घरी आणून तिने वृषालीला कॉलेज करू दिलं. इतर मुली टिकल्या लावत बसत, तेव्हा ही कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असे. कोणी बोललं तर फुई म्हणायची, तिचे हात त्या कामाचे नाहीत.

इंग्रजी घेऊन बी. ए. झाल्यावर वृषालीला रिंगरोडवरच्या एका संस्थेत तात्पुरती नोकरी लागली. संस्थेचे प्रमुख श्रीरंगसर मूळचे पुण्याचे. वस्त्यांमध्ये बिनधुराच्या चुली बसवण्याचं काम संस्थेकडे होतं. सिमेंटची चूल, तिला पत्र्यातून वर काढलेलं नळकांडं. लाकूड कमी जळेल, धूर घरात कोंडणार नाही, आणि आकाशातही कमी जाईल, असा हिशेब. पैसा युरोपातल्या एका छोट्या देशाच्या सरकारचा होता. पहिल्या चुली पर्वत पाटियाच्या चाळीत बसल्या, कारण तिथे वृषालीची ओळख होती. फुईच्या घरी तर तिने स्वतः उभं राहून बसवून घेतली.

चूल चालली नाही. कारखान्याची भिंत नळकांड्याहून कितीतरी उंच होती. वारा भिंतीवर आपटायचा आणि धूर त्याच नळकांड्यातून खाली घरात उतरायचा. वर चुलीचं तोंड इतकं अरुंद, की कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तवा त्यावर बसेना. बायांनी थोडे दिवस खोकत खोकत प्रयत्न केला, मग जुनी चूल पुन्हा दाराशी मांडली आणि सिमेंटच्या चुलीवर पाण्याचे हंडे ठेवले. वृषाली त्याच घरात राहत होती. तिला हे सगळं रोज दिसत होतं. तिने संस्थेत सांगितलं नाही असं नाही, एकदा सांगितलं. सर म्हणाले, सवय व्हायला वेळ लागतो. तिनेही पुढे विषय काढला नाही.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात जपानमध्ये सगळ्या देशांची बैठक झाली. पृथ्वी तापते आहे, धूर कोणी किती कमी करायचा, यावर तिथे खल झाला. त्यानंतर त्या छोट्या देशात वाद पेटला. सरांनी एका दुपारी सगळ्यांना बसवून तो समजावून सांगितला. तिथले काही लोक म्हणत होते, आमच्या गावांतले दवाखाने बंद पडतायत आणि आमच्या कराचा पैसा हिंदुस्थानातल्या चुलींत का घालायचा? दुसरे म्हणत, धूर सरहद्द पाहून थांबत नाही, आणि शंभर वर्षं आपणच सगळ्यांत जास्त जाळलंय, तर द्यायला हवा. त्यांच्या संसदेत लवकरच मतदान होतं. लिंडे नावाचे एक खासदार कुठल्याच बाजूला नव्हते. पैसा कुठे जातो ते स्वतः पाहून मत देईन, असं त्यांनी जाहीर केलं होतं, आणि त्यासाठी ते सुरतेला येणार होते.

"पेटलेली चूल दिसली पाहिजे," सर म्हणाले, आणि वृषालीकडे पाहिलं. "तुझ्या आत्याकडे जमेल?"

संस्थेत तिने घराचा पत्ता दिला होता, पण घर कसं आहे ते कधी कोणाला कळू दिलं नव्हतं. मैत्रिणींना ती चौकातूनच निरोप द्यायची. पण सरांनी तिची नोकरी पक्की करण्याचा विषय त्याच आठवड्यात काढला होता. ती हो म्हणाली.

घरी येऊन तिने फुईला सांगितलं. फुई साडीवर वाकून टिकली दाबत होती. तिने मान वर केली नाही.

"पेटाडसू ना," ती आपल्या अहिराणीत म्हणाली. "तुनासाठे पेटाडसू."

धूर होईल त्याचं काय, असं फुईने विचारलं नाही. वृषालीनेच सांगितलं, की अगदी वाळलेली बाभळीची लाकडं सर पाठवणार आहेत, दार उघडं ठेवायचं, आणि भाकरी न करता फक्त चहा ठेवायचा. ते ऐकून मात्र फुईने तिच्याकडे पाहिलं. पाहुणा भाकरीच्या वेळेला येऊन चहावर का जाणार, एवढंच तिने विचारलं. वृषालीने सांगितलं, ती माणसं आपल्यासारखी जेवत नाहीत.

लिंडे फेब्रुवारीत आले. उंच, वाकलेले, साठीच्या आसपासचे गृहस्थ. खोलीच्या दारातून आत येताना त्यांनी जवळजवळ कंबरेत वाकून नमस्कार केल्यासारखं केलं, आणि बाहेर जमलेल्या बाया हसल्या. त्यांच्यासाठी शेजारच्या अनुसयाबाईकडून प्लास्टिकची खुर्ची आणली होती, पण फुई खाली बसली आहे हे पाहून तेही जमिनीवर बसले. सर दाराशी उभे राहिले. चुलीवरचे हंडे सकाळीच काढले होते. सिमेंटवर त्यांच्या गोल खुणा राहिल्या होत्या आणि वृषालीने त्यांवर पोतेरं फिरवलं होतं. फुईने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, पण पोलक्याची शिवण काखेत उसवली होती. वृषालीचं लक्ष सारखं तिकडेच जात होतं.

चहा झाला. लिंडेंनी आधी चुलीचं काही विचारलं नाही. ते स्वतःबद्दल बोलले. त्यांची आई मासे डब्यात भरण्याच्या कारखान्यात होती. त्यांच्या भागातल्या पुष्कळ बाया अजून तेच काम करतात, थंडगार पाण्यात हात घालून. त्यांच्या पगारातून कर कापला जातो. त्या मला भेटतात तेव्हा विचारतात, आमचा पैसा तिकडे का पाठवता? त्यांना मी काय सांगू? हे त्यांनी वृषालीकडे न पाहता थेट फुईकडे पाहून विचारलं, आणि मग भाषांतरासाठी थांबले.

वृषालीने एवढं मात्र सगळं जसंच्या तसं सांगितलं. फुई लक्ष देऊन ऐकत होती. मासे भरणाऱ्या बायांपाशी तिने एकदा थांबवलं आणि विचारलं, म्हणजे हा पैसा त्यांच्या पगारातून कापलेला आहे का? फुवांच्या पगारातून कापतात तसा? वृषाली हो म्हणाली. चुलीतून तेवढ्यात धुराचा एक लोट परत आला. फुईने पदराने डोळे पुसले, आणि बोलायला सुरुवात केली.

"त्याले सांग, हाई चूल आमना कामनी नही. धूर घरमाच ऱ्हास." मागची भिंत तिने बोटाने दाखवली. आम्ही ही कधीच सोडली, आज तू येणार म्हणून पेटवली, तीही या पोरीसाठी, असं ती म्हणाली. चूल देण्याआधी कोणी एकदा येऊन आमची भाकरी पाहिली असती तर बरं झालं असतं. राग नाही, पण सांगायला हवं. मग ती वृषालीकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "त्या बायास्ना कष्टना पैसा से. त्यासले खोटं नको सांगू."

वृषालीने सरांकडे पाहिलं. अहिराणी त्यांना पुरती येत नसे, पण एवढं त्यांना कळलं होतं. ते तिच्याकडेच पाहत होते. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनी खूण केली नाही. नुसते पाहत राहिले. नंतर कितीतरी वेळा तिने मनाशी म्हणून पाहिलं, की सरांनी आपल्याला भाग पाडलं. पण ते खरं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

ती इंग्रजीत म्हणाली, "माझी आत्या म्हणते, या चुलीने आमच्या घरातला धूर गेला. तिचा खोकला कमी झाला. त्या बायांना सांगा, तुमचा पैसा आमच्यापर्यंत पोचला, आणि आम्ही तुमची आठवण ठेवतो."

शेवटचं वाक्य तिने का जोडलं, तिलाच कळलं नाही. ते छान जमलं आहे एवढं तिला बोलतानाच जाणवलं होतं.

लिंडेंनी फुईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, मी त्यांना अगदी हेच शब्द सांगेन. फुईने विचारलं, काय म्हणतो? वृषाली म्हणाली, तो म्हणतो, खरं सांगितलंस, बरं झालं. फुईचा चेहरा खुलला. तिने त्या माणसाच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. बाहेर पडताना लिंडेंनी वृषालीला आपलं कार्ड दिलं आणि तिचे आभार मानले.

त्या दिवशी संध्याकाळी फुईने फुवांना मोठ्या हौसेने सगळं सांगितलं. परदेशी माणूस असूनही ऐकून घेतो, मान देतो, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. वृषाली ताट तसंच ठेवून उठली. डोकं दुखतंय म्हणाली.

एप्रिलमध्ये बातमी आली, की त्यांच्या संसदेत ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. पैसा चालू राहणार होता, उलट वाढणार होता. वृषालीची नोकरी पक्की झाली. सरांनी ठरवलं, की नव्या चुलींची सुरुवात पर्वत पाटियापासूनच करायची, आणि तीही समारंभाने. चूल तीच होती. नळकांडं तेवढं एक हात वाढवलं होतं. भिंत त्याहूनही उंच होती.

मे महिन्यात चाळीच्या पुढच्या मोकळ्या जागेत मांडव घातला. उन्हाची तलखी होती, तरी फुकट काही मिळणार म्हणून बाया आल्या. ज्यांच्याकडे चुली नव्हत्या त्यांना आता मिळणार होत्या. ज्यांच्याकडे होत्या त्या मजा बघायला आल्या होत्या. सरलाबाईंना सरांनी मुद्दाम पहिल्या रांगेत, खुर्चीवर बसवलं. शेजारी फुवा, सुट्टी काढून आलेले. वृषाली व्यासपीठाच्या कडेला उभी होती. सर काय बोलणार आहेत हे तिने विचारलं नव्हतं. विचारायचं धाडस झालं नव्हतं.

सरांनी मराठीत भाषण केलं. परदेशातला वाद सांगितला, लिंडेसाहेबांची भेट सांगितली. मग म्हणाले, "त्या देशाच्या संसदेत ज्या शब्दांनी बाजी फिरवली, ते शब्द याच चाळीतल्या एका माउलीचे आहेत." आणि फुईकडे हात करून त्यांनी ते सांगितले. या चुलीने माझ्या घरातला धूर गेला. माझा खोकला कमी झाला. तुमचा पैसा आमच्यापर्यंत पोचला.

टाळ्या फक्त संस्थेच्या माणसांनी वाजवल्या. बाया एकेक करून फुईकडे वळून पाहू लागल्या. अनुसयाबाईने तर उभं राहूनच विचारलं, "सरलाबाई, तू असं बोलली?"

फुईने आधी सरांकडे पाहिलं, नीट ऐकू आलं नसावं तसं. मग तिची नजर हळूहळू फिरत वृषालीवर आली आणि तिथे थांबली. वृषालीला वाटलं, आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. एक पाऊल पुढे टाकून, ते शब्द माझे आहेत, एवढंच म्हणायचं होतं. व्यासपीठावर माइक होता, हात लांब केला तर पोचला असता. तिने खाली पाहिलं.

"हो," फुई अनुसयाबाईला म्हणाली. "मीच बोलनू."

यावर अनुसयाबाई जे बोलली ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. तुझ्या पोरीच्या नोकरीपायी आमच्या उरावर पुन्हा ह्या चुली घातल्यास, असा त्याचा अर्थ होता. फुवा उठून निघून गेले. त्यांना बायकोने खोटं बोललेलं कधी ठाऊक नव्हतं, आणि आता चारचौघांत तेच ऐकावं लागलं होतं. फुई मात्र समारंभ संपेपर्यंत खुर्चीवर बसून राहिली. संस्थेने गळ्यात घातलेला हारही तिने काढला नाही.

घरी आल्यावर फुई पाणी प्यायली. तिने साडी पुढ्यात ओढली आणि टिकल्यांची पुडी उघडली. वृषाली तिच्यासमोर बसली आणि सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी लिंडे खरं काय म्हणाले तेही. फुईचा हात मधेच थांबला.

"म्हणजे त्यानी मना हात धरा तो त्या खोट्यासाठे?"

वृषालीने मान हलवली. फुईने तो हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. ती रागावली असती तर वृषालीला सोसलं असतं. पण फुईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला लाज वाटत होती. दूरच्या कुठल्यातरी बायांपुढे, ज्यांना तिने पाहिलंही नव्हतं. आपल्या नावाने त्यांना फसवलं गेलं, हे तिच्या मनाला लागलं होतं. चाळीतल्या बोलण्याचं त्यापुढे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वृषाली चौकातल्या एस.टी.डी. बूथवर गेली आणि कार्डावरचा नंबर लावला. लिंडे स्वतः फोनवर आले. तिने एका दमात सांगितलं, की ते शब्द माझ्या आत्याचे नव्हते, आणि आत्याचे जे होते तेही सांगितले. ती थांबल्यावर ते सावकाश बोलू लागले. त्यांचा आवाज रागीट नव्हता. उलट समजावणीचा होता. ठराव अगदी थोडक्या मतांनी तरलाय, म्हणाले. हे बाहेर आलं तर विरोधक नुसत्या चुली थांबवणार नाहीत, सगळंच थांबवतील, चांगलं चाललेलंही. तुम्ही ती चूल सुधारून घ्या, मी लागेल ती मदत करतो. पण हे कृपा करून कोणाला सांगू नका. आणि मग, तिने काही विचारलं नसताना, म्हणाले, "तुमच्या आत्याचे डोळे लाल झाले होते. ते मी पाहिलं होतं."

वृषालीने फोन ठेवला. बूथवाल्याने दोनदा हाक मारली तेव्हा ती भानावर आली.

घरी फुई वाट पाहत होती. वृषाली फोन करायला गेली आहे हे तिला माहीत होतं. काय म्हणाला, तिने विचारलं. वृषालीच्या जिभेवर एक सोपं वाक्य आलं होतं, की त्याला वाईट वाटलं, तो माफी मागतो. ते तिने गिळलं. तिने लिंडेंचं बोलणं एकेक करून अहिराणीत सांगितलं. गाळलं काही नाही, जोडलं काही नाही. लाल डोळ्यांचंही सांगितलं.

फुईने पूर्ण ऐकून घेतलं. "मंग तठे बी तसंच से. दिसस तरी कोनी बोलस नही," ती म्हणाली, आणि उठून भाकरीच्या पिठाला लागली.

नळावर सकाळी बाया जमतात तिथे वृषाली दुसऱ्या दिवशी गेली. फुई खोटं बोलली नव्हती, मी बोलले, असं तिने सगळ्यांना सांगितलं. तिला वाटलं होतं, निदान कोणीतरी आपल्याला चार शब्द सुनावेल. बाया हंडे भरत राहिल्या. अनुसयाबाई म्हणाली, आता नोकरी पक्की झाल्यावर सांगायला काय जातं. एक-दोघींना तर वाटलं, फुईनेच हिला पाठवलंय, आपलं नाव सोडवायला.

तिने नोकरी सोडली. सरांनी अडवलं नाही. तू हुशार आहेस, पण हे काम तुझं नाही, असं म्हणून त्यांनी दाखला लिहून दिला. चुलींच्या कामाची पाहणी करायला पुढे कोणी परदेशातून आलं नाही. भिंतीची, तव्याची गोष्ट तिने संस्थेत लेखी दिली होती. तिचं काय झालं कळलं नाही. वर्षभराने तिला महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली आणि लग्न होऊन ती कडोदऱ्याला राहायला गेली. त्या देशात पैशाचा वाद अजून चालू असल्याचं अधूनमधून पेपरात येई. कोणत्या बाजूने वाचावं, हे तिला ठरवता येत नसे. पैसा पाठवू नये असं तिला कधीच वाटलं नाही. पण पाठवावा असं म्हणणाऱ्यांच्या तोंडी आपलं वाक्य असेल, या विचाराने ती पान उलटायची.

फुवा महिनाभर फुईशी मोजकंच बोलले, मग हळूहळू पूर्वीसारखे झाले. वृषाली सुट्टीला येई तेव्हा फुई तिच्या आवडीचं करून घाली, तिच्या पोराला मांडीवर घेई. त्या दिवसाचा विषय तिने कधी काढला नाही.

चाळीत मात्र फुईला एक नाव पडलं होतं. परदेशी सरलाबाई. सुरुवातीला टोमणा होता, पुढे सवय झाली, नव्याने राहायला आलेल्यांना त्याचं कारणही माहीत नव्हतं. एकदा दुपारी वृषाली दारात बसली असताना समोरून कोणीतरी हाक मारली, परदेशी मावशी, थोडं मीठ आहे का? वृषालीचे कान तापले. ती उठून काही बोलणार, तोच आतून फुईने नेहमीच्या मोठ्या आवाजात "ओ, देस मीठ" म्हटलं, आणि मिठाची वाटी घेऊन ती वृषालीच्या बाजूने बाहेर गेली.